सायमन व गार्फंकेल यांच्या पाच ध्वनिमुद्रिका : एका पुनर्संस्कारित संचाच्या निमित्ताने

सन २००१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने आपल्या भांडारातील पाच जुन्या ध्वनिमुद्रिकांवर नव्याने संस्कार करून त्या एका पेटीत घालून बाहेर काढल्या. पॉल सायमन व आर्ट गार्फंकेल या जोडीने १९६४ ते १९७० या काळात ध्वनिमुद्रणगृहात बसून जे महत्त्वाचे गायन केले, ते या पेटीत आले. यापूर्वी १९८१ मध्ये त्याच पाच मुद्रिकांचा एक संच निघाला होता; पुढे २०१४ मध्ये मैफलींची मुद्रणेही जोडून बारा तबकड्यांचा आणखी मोठा संच निघाला. जुन्या दागिन्यास पुन्हा पुन्हा उजाळा देऊन विकण्याची कला व्यापाऱ्यांस साधलेली असते, हे खरे. तथापि २००१ च्या संचाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहून भागत नाही. गाण्याचे मूळ रूप कोणते, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ती पेटी उघडताच समोर येतो. आणि उत्तर वाटते तितके सोपे निघत नाही.

दोघांचाही जन्म १९४१ सालचा. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, एकमेकांच्या घरापासून थोड्याच अंतरावर, यहुदी कुटुंबांत ते वाढले. सायमनचे वडील वाद्यवृंद चालवीत व बास वाजवीत. गार्फंकेल लहानपणी यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात गात असे. १९५३ साली शाळेत 'अॅलिस इन वंडरलँड'चे नाटक बसले, त्यात सायमन पांढरा ससा झाला आणि गार्फंकेल चेशायरचे मांजर. तेथे जमलेली मैत्री पुढे गाण्यात उतरली. सोळाव्या वर्षी 'टॉम अँड जेरी' असे नाव घेऊन त्यांनी 'हे, स्कूलगर्ल' या गाण्याची तबकडी काढली, आणि ती बऱ्यापैकी खपलीही. पण त्यानंतरच्या तबकड्यांकडे कोणी फिरकले नाही. मग एक इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासाला लागला, दुसरा कोलंबिया विद्यापीठात शिरला.

त्यांच्या गाण्याचे बलस्थान म्हणजे दोन गळ्यांची जोडी. एव्हरली बंधूंच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी ती घोटली होती. आपल्याकडील भजनात किंवा आरतीत दहा कंठ एकाच स्वरावर येतात. येथे मात्र दोन कंठ ठरावीक अंतर राखून, दोन निरनिराळ्या स्वरांवरून बरोबरीने चालतात. गोव्यातील वाचकांस हा प्रकार नवखा वाटणार नाही, कारण मांडो ज्यांनी ऐकला आहे त्यांनी असेच दोन स्वर एकमेकांचा हात धरून जाताना ऐकले आहेत. सायमन व गार्फंकेल यांचा आग्रह असा असे की दोघांनी एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून गावे. दोन आवाज हवेतच मिसळत, आणि मिसळलेलेच फितीवर उतरत. मागून कितीही चतुर यंत्रे आली तरी हे मिश्रण पुन्हा वेगळे करणे त्यांस अवघडच जावे.

आता हा 'संस्कार' म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. त्या काळी गाणे चुंबकीय फितीवर उतरवीत. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र मिसळून दोन पट्ट्यांची जी फीत तयार होई, ती मुख्य प्रत. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला निघत, आणि प्रत्येक नकलेबरोबर फितीचा सूक्ष्म सरसर आवाज वाढत जाई. शिवाय तबकडीच्या खोबणीस सोसेल असे बदलही करावे लागत. खर्जाचा जोर फार झाला तर सुई उडे, म्हणून तो आवरून धरीत. १९८० नंतर काचेसारख्या चकचकीत नव्या तबकड्या निघाल्या, तेव्हा हाताशी येईल ती फीत उचलून त्यावरून प्रत काढण्याची घाई अनेक कंपन्यांनी केली. परिणामी नव्या यंत्रावर जुनेच गाणे मळकट ऐकू येऊ लागले. पुनर्संस्कार करणारा माणूस भांडारात जाऊन मूळची पहिली फीत शोधतो, तिच्या मापाचे जुने यंत्र नीट जुळवून ती वाजवितो, आणि तिच्यातील ध्वनी शक्य तितक्या बारकाईने अंकांत उतरवून घेतो. त्याने स्वरांचे परस्पर प्रमाण बदलावयाचे नसते. ते बदलले तर ते पुनर्मिश्रण झाले, आणि ते काम निराळे.

येथेच मोह असतो. सरसर पुसता पुसता गायकाचा श्वासही पुसला जातो. आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धारात भिंती घासून नवा रंग देण्याच्या उत्साहात कितीतरी जुनी कावी चित्रे कायमची गेली; काम करणारांचा हेतू वाईट नव्हता. ध्वनीच्या बाबतीतही १९९० नंतर असा एक उत्साह आला होता. सर्व गाणे एकाच चढ्या आवाजाच्या पातळीवर आणून ठेवावयाचे, म्हणजे ते दुकानात व मोटारीत दमदार वाटते. या जोडीच्या गाण्यास हा उपाय मारक ठरला असता. त्यांचे पुष्कळसे गाणे हलक्या आवाजातले आहे, आणि हलका आवाज बळेच मोठा केला की तो हलका राहत नाही. माझ्या कानास तरी २००१ च्या संचात हात राखून काम केलेले जाणवते. गिटारच्या तारेवरून बोट घसरल्याचा आवाजसुद्धा त्यात शिल्लक ठेवला आहे.

पेटीतील पहिली मुद्रिका 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.' ही होय. ती १९६४ च्या मार्चमध्ये गायिली गेली आणि ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली. निर्माता टॉम विल्सन. हार्वर्डमध्ये शिकलेला हा कृष्णवर्णी गृहस्थ त्याच सुमारास बॉब डिलन याच्याही मुद्रिका काढीत होता. ध्वनिमुद्रक रॉय हॅली, जो या जोडीबरोबर शेवटपर्यंत राहिला. बारा गाण्यांपैकी पाच सायमनची स्वतःची होती, आणि त्यातच 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे गाणे होते. दोन कंठ व गिटार यांच्यावर उभे, सभागृहात शेवटच्या रांगेत बसूनही ऐकू येईल इतके सरळ. मुद्रिका खपली नाही. सायमन इंग्लंडला निघून गेला आणि तेथील लहानमोठ्या क्लबांतून एकट्याने गाऊ लागला. गार्फंकेल पुन्हा पुस्तकांकडे वळला. जोडी जवळजवळ संपलीच होती.

पुढे जे घडले ते त्या दोघांच्या पश्चात घडले. बोस्टन व फ्लॉरिडा येथील नभोवाणी केंद्रांवर विद्यार्थ्यांकडून या एका गाण्याची मागणी येऊ लागली. त्याच वर्षी लोकगीतांस विजेच्या गिटारची व ढोलांची साथ देण्याची लाट उठली होती, आणि विल्सनचा कान त्या लाटेकडे होता. १५ जून १९६५ रोजी त्याने काही साथीदार बोलाविले, वर्षभरापूर्वीची ती फीत लावली, आणि तिच्यावर विजेची गिटार, बास व ढोल चढविले. गायकांस विचारले नाही; कळविलेही नाही. फितीवरचे कंठ तर जागचे हलणार नव्हते. जेव्हा ते गायिले गेले तेव्हा ठेक्याचे बंधन नव्हते, त्यामुळे लय कोठे किंचित मागे रेंगाळते, कोठे पुढे सरते. पखवाजवाल्याने कीर्तनकाराच्या मागे मागे जावे, तसे त्या ढोलवाल्यास दोन अदृश्य गायकांच्या मागे जावे लागले. लक्ष देऊन ऐकणारास तो एके ठिकाणी थांबून वाट पाहताना आजही सापडतो.

ही नवी आवृत्ती सप्टेंबरमध्ये निघाली. सायमन तेव्हा युरोपातच होता, आणि आपले गाणे असे बदलून विकले जात आहे हे त्यास मागाहून कळले. प्रथम ऐकले तेव्हा तो व्यथित झाला, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. परंतु १९६६ च्या १ जानेवारीच्या आठवड्यात 'बिलबोर्ड'च्या यादीत तेच गाणे पहिल्या क्रमांकावर आले. तो परतला, जोडी पुन्हा जुळली, आणि बॉब जॉन्स्टन या निर्मात्याच्या हाताखाली घाईघाईने दुसरी मुद्रिका उभी राहिली. 'साउंड्स ऑफ सायलेन्स' या नावाने ती १७ जानेवारी १९६६ रोजी बाहेर आली. तिच्या आरंभीच विल्सनचे ते साथ चढविलेले गाणे आहे.

म्हणजे या पेटीत एकच गाणे दोनदा आहे. पहिल्या तबकडीवर ते जसे गायिले गेले तसे, दुसरीवर जसे ते जगाने ऐकले तसे. कंठ तेच, क्षण तोच, फीतही तीच. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागून शिरलेले पाठ दूर करून मूळ वाट मोकळी करणे हे त्यांचे काम होते. येथे प्रकार उलटा झाला आहे. मागून शिरलेला पाठच लोकांच्या तोंडी बसला, त्यानेच जोडी वाचली, आणि उरलेल्या चार मुद्रिका त्यामुळेच संभवल्या. शुद्ध प्रत काढणाराने कोणता पाठ गाळावा? संचकर्त्यांनी दोन्ही आपापल्या जागी ठेवले, हे शहाणपणाचे झाले. पण विल्सनने केले ते योग्य होते काय, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता येत नाही. त्याने केले नसते तर आज कोणी विचारलेच नसते, इतके खरे. आणि गायकाच्या गळ्यातून निघालेला स्वर त्याच्या नकळत दुसऱ्याने सजवून बाजारात बसवावा, हेही मनास रुचत नाही. विल्सनही त्याच सुमारास कोलंबिया सोडून दुसऱ्या कंपनीत गेला. या जोडीची पुढील कोणतीही मुद्रिका त्याने काढली नाही.

पहिल्या तबकडीवरील आणखी एका गाण्याविषयी लिहिले पाहिजे. 'ही वॉज माय ब्रदर' हे समतेसाठी लढताना मारल्या गेलेल्या एका तरुणाचे गीत आहे. ते १९६४ च्या मार्चमध्ये मुद्रित झाले. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीच्या कामास गेलेल्या तीन तरुणांचा खून झाला. त्यांतील अँड्र्यू गुडमन हा क्वीन्स कॉलेजात सायमनचा सहाध्यायी होता. गाणे आधीचे आणि मृत्यू नंतरचा. तरीही मुद्रिका ऑक्टोबरमध्ये बाजारात आली तेव्हापासून ते गाणे गुडमनचे होऊन बसले. फितीवर एक अक्षर बदलले नाही, पण ऐकणारांनी तिच्यात जे ऐकले ते बदलले. अशा गोष्टीवर संस्कार करणारे यंत्र नाही.

तिसरी मुद्रिका, 'पार्स्ली, सेज, रोझमेरी अँड टाइम', १९६६ च्या ऑक्टोबरची. या वेळी जोडीने घाई केली नाही. सुमारे तीन महिने ती कामावर बसली. तिचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते 'स्कारबरो फेअर' इंग्लंडातील जुने लोकगीत आहे. फ्रान्सिस चाइल्ड या विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी-स्कॉटिश पोवाड्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात क्रमांक दोनवर असलेल्या गीताच्या कुळातील ते आहे. अशक्य कामे सांगून प्रेमाची परीक्षा पाहणे हा त्याचा विषय. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस असा सवाल-जबाब ओळखीचा वाटेल. सायमन लंडनमध्ये असताना मार्टिन कार्थी या इंग्रज गायकाकडून त्याने हे गाणे उचलले. कार्थीने गिटारवर त्याची जी बांधणी केली होती तीसुद्धा. डिलननेही त्याच्याकडूनच ती चाल ऐकून आपले एक गाणे रचले होते. मुद्रिकेवर सायमनने या लोकगीताच्या मधून आपले एक युद्धविरोधी गीत विणले, आणि ते विणकाम खरोखर उत्तम आहे. पण नावाच्या ओळीत लोकगीत असा उल्लेख नव्हता, कार्थीचे नाव नव्हते. होते ते केवळ सायमन व गार्फंकेल यांचे. कार्थीस याचे दुःख झाले, आणि ते वर्षानुवर्षे राहिले. २००० साली सायमनने लंडनच्या हॅमरस्मिथमधील आपल्या मैफलीत त्यास रंगमंचावर बोलाविले, आणि दोघांनी मिळून ते गाणे गायिले. पस्तीस वर्षांनी का होईना, देणे फिटले असे म्हणावे.

याच मुद्रिकेच्या शेवटी नाताळच्या रात्रीचे सुप्रसिद्ध स्तोत्र आहे. दोघे ते संथपणे गात असतात आणि त्यावर एका निवेदकाचा आवाज संध्याकाळच्या बातम्या वाचू लागतो: नागरी हक्कांचे विधेयक, खून, व्हिएतनामचे युद्ध. बातम्यांचा आवाज हळूहळू वाढतो, स्तोत्र थांबत नाही. येथे संस्कारकर्त्याने निवेदकाचा आवाज थोडा जरी स्पष्ट, थोडा जरी पुढे आणला असता, तरी त्या कृतीचा तोल गेला असता.

चौथी मुद्रिका 'बुकएन्ड्स' ३ एप्रिल १९६८ रोजी निघाली. दुसऱ्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. हिच्या पहिल्या बाजूवर बालपणापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास मांडला आहे, आणि त्यात मध्येच एक तुकडा असा येतो की ज्यात गाणे नाही. गार्फंकेलने न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथील वृद्धाश्रमांत जाऊन तेथील म्हाताऱ्यांचे बोलणे फितीवर घेतले होते. तेच तो तुकडा. खोकला, हुंकार, अर्धवट वाक्ये. त्या बोलणारांपैकी आज कोणी हयात असणे शक्य नाही. पुनर्संस्कार सर्वांत अधिक कोठे सार्थकी लागला असे कोणी विचारले तर मी याच दोन मिनिटांकडे बोट दाखवीन. 'मिसेस रॉबिन्सन' हे त्या जोडीचे फार गाजलेले गाणेही येथलेच. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

शेवटची मुद्रिका २६ जानेवारी १९७० ची, 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. तोवर ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलले होते. आठ पट्ट्यांची दोन यंत्रे एकत्र जोडून सोळा पट्ट्यांचे काम करून घेण्याची खटपट हॅलीने 'द बॉक्सर' या गाण्यासाठी केली. ते एक गाणे पुरे होण्यास शंभराहून अधिक तास लागले. काही भाग नॅशव्हिलमध्ये, काही कोलंबिया विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात, आणि ढोलाचा तो प्रचंड आघात न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहाबाहेरील व्हरांड्यात, लिफ्टच्या दारासमोर घेतला. दगडी प्रार्थनागृहाचा घुमार आणि व्हरांड्याचा घुमार हे दोन्ही त्या फितीत आहेत. मळकट प्रतीवरून ते एकमेकांत कालवून गेलेले असत. नव्या प्रतीत दोन जागा दोन ठिकाणी ऐकू येतात. शीर्षकगीत मात्र मुख्यतः गार्फंकेलनेच गायिले आहे. सायमननेच ते त्याच्यासाठी लिहिले आणि त्यास दिले; पुढे त्या दानाचा त्यास थोडा पश्चात्तापही झाला. नुसत्या पियानोवर सुरू होऊन ते पायरीपायरीने चढत जाते. आवाजाची सर्व पातळी एकसारखी केली तर जिना नाहीसा होऊन सपाट जमीन उरते, हे वर सांगितले त्याचे याहून चांगले उदाहरण नाही. १९७१ च्या मार्चमध्ये या मुद्रिकेस व गाण्यास मिळून सहा ग्रॅमी पारितोषिके मिळाली, त्यांतील एक ध्वनिमुद्रणाचे होते.

ऋणाचा प्रश्न येथेही सुटला नाही. 'एल कोंडोर पासा' ही चाल सायमनने पॅरिसमध्ये 'लोस इंकास' या वाद्यसमूहाकडून ऐकली, आणि ती पेरू देशातील प्राचीन लोकधून आहे अशी त्याची समजूत करून देण्यात आली. त्याने त्या समूहाच्या तयार मुद्रणावरच आपले इंग्रजी शब्द बसविले. विल्सनने त्याच्या फितीवर वाद्ये चढविली होती. पाच वर्षांनी त्याने दुसऱ्यांच्या फितीवर शब्द चढविले. पण ती धून लोकधून नव्हती. दानिएल आलोमिया रोब्लेस या पेरूच्या संगीतकाराने ती १९१३ साली रंगभूमीसाठी रचली होती आणि १९३३ मध्ये अमेरिकेत तिचे हक्कही नोंदविले होते. त्याच्या चिरंजीवांनी १९७० मध्ये न्यायालयात दावा लावला. प्रकरण सलोख्याने मिटले, कारण लबाडी नव्हती, अजाणता झालेली चूक होती, हे दोन्ही बाजूंस मान्य होते. तेव्हापासून रोब्लेसचे नाव गाण्याखाली येते. ध्वनी शुद्ध करण्यापूर्वी नावांची यादी शुद्ध करावी लागते, आणि हे काम फितीच्या खोलीत होत नाही.

या शेवटच्या मुद्रिकेवर बारा गाणी यावयाची होती. बारावे सायमनला हवे होते ते क्युबा व अध्यक्ष निक्सन यांच्याविषयीचे राजकीय गीत. गार्फंकेलने ते गाण्यास नकार दिला. त्यास तेथे बाखची एक प्रार्थना घालावयाची होती. ती सायमनला नको होती. दोघेही हटले नाहीत, अकरा गाण्यांवर मुद्रिका बंद झाली, आणि त्याच वर्षी जोडीही फुटली. २००१ च्या संचात त्या अकरांच्या मागे दोन कच्ची मुद्रणे जोडली आहेत: एक हैतीमधील लोकगीत, जे गार्फंकेलने पुढे १९७३ मध्ये आपल्या एकट्याच्या मुद्रिकेवर घेतले, आणि दुसरा शीर्षकगीताचाच आरंभीचा खर्डा. बाखची प्रार्थना त्यांत नाही, आणि क्युबाचे गीतही नाही.